पायाला फळी कळत नाही

वाशीच्या घाऊक बाजारात कांद्या-बटाट्याची पेढी असलेले एक गृहस्थ एका लग्नात माझ्या शेजारी जेवायला बसले होते. कुणीतरी त्यांना माझी ओळख ‘व्यवसायोपचार तज्ज्ञ’ अशी करून दिली होती. त्यांनी आधी जिलेबी संपवली. मग हलक्या आवाजात म्हणाले, “ताई, आमचाही व्यवसाय हल्ली जरा आजारीच असतो. एकदा येऊन बघाल का?”

त्यांचं काही चुकलं नव्हतं. माझं काम काय ते मला आयुष्यभर समजावून सांगावं लागलं. आमच्या घरातही तेच. आम्ही मूळचे खाडीकाठचे आगरी. माझ्या आईला ‘ऑक्युपेशनल थेरपी’ हा शब्द शेवटपर्यंत उच्चारता आला नाही. शेजारणींनी विचारलं की ती सांगायची, “माझी पोर मोरलेल्या मानसांना परत कामाला लावते.” मोरलेल्या म्हणजे मोडलेल्या; आमच्या आगरीत ‘ड’चा ‘र’ होतो. पुढे मीही लोकांना हेच सांगू लागले.

डॉक्टर हाड जोडतात. फिजिओथेरपिस्ट सांधा मोकळा करतात, ताकद आणतात. मग माणूस घरी जातो आणि सगळ्यांना वाटतं, झालं. नोकरी टेबलाशी असेल तर खरंच झालेलं असतं. पण ज्याला उद्या सिमेंटची गोणी उचलायची आहे, शिडी चढायची आहे, दिवसभर हात वर धरून छताला प्लास्टर मारायचं आहे, त्याचं बरंच काही राहिलेलं असतं. ते राहिलेलं आमच्याकडे यायचं.

महापे इथल्या औद्योगिक वसाहतीत बंद पडलेल्या एका कारखान्याची शेड एका धर्मादाय संस्थेने घेतली होती. त्या शेडला आम्ही हॉल म्हणायचो आणि तिथे बांधकामाची खोटी साइट उभी केली होती. वाळूचा ढीग, खडीचा पट्टा, विटांची चळत, हातगाडी, शिडी, आणि एका बाजूला बांबूंची छोटी परांची. इमारतीच्या बाहेरून काम करायला जो सांगाडा बांधतात आणि त्यावर फळ्या टाकतात, ती परांची. परांचीसमोर एक भिंत होती. तिला आमच्या माणसांनी प्लास्टर करायचं आणि सुकायच्या आत ते खरवडून काढायचं. म्हणून आम्ही सिमेंट न घालता चुना आणि वाळूच कालवायचो. इतक्या वेळा प्लास्टर होऊनही ती भिंत जन्मभर उघडीच राहिली.

हे सगळं धर्माकाकांनी बांधलं होतं. ते हॉलचे शिपाई, पण हुद्दा तेवढ्यावर थांबत नव्हता. आमच्याच भागातल्या गावचे, तरुणपणी मिठागरात राबलेले. कोण खरंच दमलाय आणि कोण दमल्याचं दाखवतोय, हे ते चहा देता देता ओळखायचे.

माणसं तऱ्हेतऱ्हेची यायची. एक सळया बांधणारा कारागीर होता. बोटं आखडलेली. तार पिळायचा सराव करायला सांगितलं, तर त्याने जायच्या दिवशी हॉलमधल्या सगळ्या खुर्च्या टेबलांना तारेने बांधून ठेवल्या. त्या सोडवायला आम्हाला पकड आणावी लागली. एक लादीवाला गुडघ्याचे व्यायाम करायला साफ नकार द्यायचा. मग त्याला धर्माकाकांनी हॉलचं बाथरूम दाखवलं. तिथली फरशी बघून तो इतका अस्वस्थ झाला की आपण होऊन उकिडवा बसला, आणि महिनाअखेर बाथरूमही नवं झालं, गुडघाही वाकू लागला.

अशा माणसांच्या गोष्टी सांगताना मला मजा येते. किसन आणि सुनंदाची गोष्ट सांगताना तसं होत नाही. त्यांची आठवण मला नुसती येत नाही, ती येऊन बसते.

किसन परभणीकडचा. चाळिशीचा, सडपातळ, बोलायला तुटक. काम गवंड्याचं, त्यातही इमारतीच्या बाहेरच्या प्लास्टरचं. उलव्याला उंच उंच टॉवर उभे राहत होते आणि किसन त्यांच्या बाहेरच्या अंगाला, वारा सुटलेला असताना, दिवसभर उभा असायचा. त्याची बायको सुनंदा त्याच साइटवर बिगारी. माल कालवायचा, घमेलं डोक्यावर घेऊन पोचवायचं. माल म्हणजे सिमेंट-वाळूचा कालवलेला गारा. लग्न झाल्यापासून ती त्यालाच माल देत आली होती.

टॉवरच्या पार वरच्या मजल्यांवर काम केलेला हा माणूस पडला तो दुसऱ्या मजल्यावरून. जेवायची सुट्टी झाली होती. उतरता उतरता त्याने बेल्टचा हुक सोडला, पुढच्या फळीवर पाय ठेवला आणि फळी सरकली. सुनंदा खाली डबा उघडून बसली होती. तो तिच्यापासून चार हातांवर, उभाच्या उभा पायांवर आला.

पायांवर पडणाऱ्याची टाच फुटते. टाचेचं हाड आतून मधाच्या पोळ्यासारखं असतं, ते दबून जातं. किसनच्या दोन्ही टाचा गेल्या होत्या, डावी जास्त. ऑपरेशन चांगलं झालं होतं. पण टाचेच्या वर एक सांधा असतो, तो पाऊल आत-बाहेर कलतं करतो. असा मार लागला की तो बहुतेक वेळा अडकतो. सपाट फरशीवर त्याच्यावाचून काही अडत नाही. खडीवर, वाळूत, शिडीच्या दांड्यावर मात्र तोच लागतो.

पहिल्या दिवशी किसन कुबड्यांवर आला तेव्हा वाळूच्या ढिगाकडे, परांचीकडे बघून म्हणाला, “हे बरं हाय. मला वाटलं, दवाखाना असंल.”

“काय करायचंय तुम्हाला, किसनराव?” मी प्रत्येकाला हा प्रश्न विचारायची.

“वर जायचंय,” तो म्हणाला.

सुनंदा त्याच्याबरोबर रोज यायची, कारण बसची पायरी त्याला एकट्याला चढता येत नव्हती. ती कोपऱ्यात बाकावर बसून राहायची. मी तिला चहा विचारला तर “नको बाई” म्हणायची आणि धर्माकाकांनी दिला तर घ्यायची.

कुबड्या गेल्या, काठी आली, मग काठीही गेली. किसन सांगितलेलं सगळं करायचा, वर आणखी थोडं. पण भिंतीपुढे उभं राहून प्लास्टर करायला लागला की थोड्या वेळात पाय सुजायचे. एकदा असाच अर्ध्यात तो स्टुलावर बसला. घमेल्यात माल तसाच होता. सुनंदा उठली, त्याच्या हातातली थापी घेतली आणि माल भिंतीवर मारू लागली.

“काय करायलीस?” किसन म्हणाला.

“माल वाया जायलाय.”

“इथला माल वायाच जायला असतो. सांजच्याला खरवडून टाकतेत.”

“मग तर झालंच. बिघडलं तरी काय होतंय.”

आणि ते बिघडलंच. इतकी वर्षं रोज बघितलेलं काम, पण बघणं आणि करणं यात अंतर असतं. अर्धा माल तिच्या पायावर पडला, उरलेल्याची भिंतीवर टेंगळं आली. ते बघवेना म्हणून किसन उठला. सुजलेल्या पायांनी सरळ वाळूतून चालत गेला, तिचं मनगट धरलं आणि म्हणाला, “अशी नव्हं. फेकायचा, पर मनगटातून. खांद्यातून नव्हं.”

मी दाराशी उभी होते. आदल्या दिवशीच या माणसाने मला वाळूत पाऊल टाकणं जमत नाही म्हणून सांगितलं होतं.

त्यानंतर मी मुद्दाम रोज सुनंदाच्या हातात थापी द्यायला लागले. ती चुकायची, तो उठायचा. ती शिकत गेली तसा त्याला उठायला कारण कमी पडू लागलं, तर धर्माकाका हळूच तिला सांगायचे, “बाय, जरा वाकरं मार.” ती हसून एखादा हात वाकडा मारायची. किसनला हे कधी कळलं की नाही, कुणास ठाऊक. बहुधा कळलं असावं. तो उठायचा मात्र.

माझ्या नोकरीतले ते सर्वांत आनंदाचे दिवस. सकाळी हॉलचं शटर वर गेलं की चुन्याचा ओला वास, खडीवर पावलं, भिंतीवर थापी घासल्याचा आवाज, आणि त्या सगळ्यात हे नवराबायको एकमेकांना भिंतीवरून बोलत असलेले. मला तेव्हा वाटायचं, असं हे चालूच राहील.

मग परांची चढायचा दिवस आला. आमची परांची ती केवढी, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर पहिली फळी. खाली गादी, अंगाला बेल्ट. धर्माकाका मला बाजूला घेऊन म्हणाले, “बाय, त्याला आज नको चरवू. सकालपासून गप हाय तो.” पण किसनला थांबवणं शक्य नव्हतं. तो चढला. फळीवर उभा राहिला. मी म्हटलं, “चाला.” तो दोन पावलं चालला आणि बांबू धरून थांबला. बराच वेळ तसाच थांबला. घाम कपाळावरून भुवईत उतरला तरी त्याने पुसला नाही, कारण हात सोडायचा धीर नव्हता.

“भीती वाटते का?” मी खालून विचारलं.

“भेव नाही, बाई,” तो म्हणाला. “पायाला फळी कळत नाही.”

भीतीवर उपाय असतो. हळूहळू, एकेक फळी वर नेत ती जाते. आम्ही कितीतरी जणांची घालवली होती. पण हे भीतीचं नव्हतं. मी आणखी बरेच आठवडे दिले. बूट बदलले, टाचेखाली वेगवेगळ्या गाद्या घालून बघितल्या, सर्जनना पुन्हा दाखवलं. डाव्या पावलाचा सांधा हलला नाही. अखेर एक दिवस मी दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं की किसनराव कामावर जाऊ शकतील, दिवसभर उभं राहू शकतील, वजन उचलू शकतील. पण परांचीवर नाही, दोरांवर टांगलेल्या झुल्यावर नाही. जमिनीवर.

किसनने ऐकून घेतलं. “बरं,” म्हणाला. उठून भिंतीपाशी गेला, थापी धुतली, पुसून जागेवर ठेवली. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्यानंतरही नाही.

आठवडाभर वाट बघून मी उलव्याला गेले. साइटच्या मागे कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या. किसन दाराबाहेर उलट्या घमेल्यावर बसला होता आणि वर बघत होता. टॉवरच्या अंगावर परांचीची जाळी होती आणि तिच्यात माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. सुनंदाने मला आत बोलावलं, पण मी त्याच्याच शेजारी बसले.

“हॉलवर का येत नाही?”

“कशाला यायचं? बरा झालो म्हनलाव ना तुम्ही.”

मग तोच बोलायला लागला. इतकं सलग बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं.

“वर काय असतंय, ठाऊक हाय का बाई? वर कुनी हाका मारीत नाही. खाली आलं की, अय किसन, हे आन, ते उचल. वर गेलं की आपन आन् भिंत. वारा असतोय. दुपारच्याला खाडी चमकायला लागती. उरनच्या बाजूला बंदरातल्या क्रेना दिसतेत. गावाकडं मी कधी माळवदाच्या वर गेलो नव्हतो. इथं आलो आन् एवढं मोठं बघितलं.” मग पायाकडे बघून म्हणाला, “आता जन्मभर खालूनच बघायचं.”

अशा वेळी म्हणायची वाक्यं आम्हाला शिकवलेली असतात. ती मला आठवत होती, पण त्या घमेल्याशेजारी बसून एकही म्हणवेना.

दारातून सुनंदा म्हणाली, “मी जाते वर.”

किसनने मान वळवली नाही. “कुठं?”

“परांचीवर. थापी धरायला येतीया आता. तुमी खालून माल द्या.”

तो हसला नाही, रागावलाही नाही. उठला आणि पाय ओढत साइटच्या फाटकाकडे चालत गेला. सुनंदा त्याच्या पाठीकडे बघत मला म्हणाली, “बाई, हे पडले तवापासून मी त्या बिल्डिंगीकडं मान वर करून बघितलेलं नाही. मला बी भेव वाटायलंय. पर घरातलं एक मानूस तरी वर पायजे. नाहीतर हे असेच बसून राहतेत.”

तिथला मुकादम हनीफभाई. जुना माणूस, किसनला बारा गावच्या साइटवर बरोबर घेऊन फिरलेला. मी त्याच्याशी बोलायला गेले तेव्हा त्याने आधी चहा मागवला आणि मग सांगितलं, “मॅडम, किसन माझा भाऊ आहे. त्याला खाली काम देतो, आजपासून. पण बाई गवंडी? मी आजतक बघितली नाय. लोक हसतील ना.”

“हसू देत. काम बघा.”

“कामच तर बघायचं आहे. टेन्शन त्याचंच आहे.”

शेवटी त्याने तिला एका फ्लॅटमधल्या बाथरूमची भिंत दिली. आतली, छोटी, आणि पुढे टाइल्सखाली झाकली जाणारी. सुनंदाने ती केली. हनीफभाईने ओळंबा लावून बघितला, पट्टी फिरवली आणि म्हणाला, “ठीक आहे. दुसरी कर.” याहून जास्त कौतुक त्याने कुणाचंच केलेलं मी ऐकलं नाही. अशा आतल्या भिंती करत ती काही महिने राहिली. मग बाहेरच्या कामाला माणसं कमी पडली, आणि ती परांचीवर चढली. साडी नेसून फळीवर चालता येईना म्हणून किसनची पॅन्ट घालून. कमरेला बेल्ट लागत नव्हता, तो पुरुषांच्या मापाचा. मी कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्यामागे लागून लहान मापाचा आणवला. माझ्या हातून झालेल्या मोठ्या कामांत मी तो बेल्ट धरते.

पुढचं मला दोघांनी वेगवेगळ्या वेळी, पण सारखंच सांगितलं, म्हणजे खरं असणार.

किसन आता खालून सुनंदाला माल देत होता, म्हणून साइटवर लोक त्याला चिडवायचे. बायकोचा बिगारी म्हणायचे. तो उलट बोलायचा नाही, पण घरी येऊन जेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा. एक दिवस सुनंदा वर काम करत होती आणि भिंतीवर मारलेला माल घसरून खाली यायला लागला. तिला वाटलं, आपला हात बिघडला. पुन्हा मारला, पुन्हा घसरला. शेजारच्या फळीवरचे गवंडी हसायला लागले. मग तिने घमेल्यात बोट घातलं. माल पातळ होता. नवखा बिगारीही कालवणार नाही इतका पातळ.

तिने घमेलं उचललं, परांचीवरून खाली उतरली आणि सगळा माल किसनच्या पायापुढे ओतला. आजूबाजूला माणसं होती. ती म्हणाली, “तुमाला लाज वाटायली असंल तर घरी बसा. मी समजंल. पर माल वाईट दिऊ नका. वर मी उभी असते.”

“काय म्हणालात मग तुम्ही?” मी किसनला विचारलं होतं.

“काय म्हनायचं? खरं होतं ते,” तो म्हणाला. “तिनं आनखी एक म्हनलं. पुन्हा असं झालं तर बिगारी बदलीन.”

“नवरा नाही?”

“नवऱ्याचं काही बोलली नाही.”

हे सांगताना त्याचा चेहरा पडला होता, पण डोळ्यांत थोडं हसूही होतं. त्यानंतर त्याच्या हातचा माल साइटवर सगळ्यांत चांगला असायचा. दुसरे गवंडीही त्याच्याकडून मागून घ्यायचे. रोज सकाळी सुनंदाचा बेल्ट तोच आवळायचा, हुक दोनदा ओढून बघायचा आणि मग ती दिसेनाशी होईपर्यंत खाली उभा राहायचा. हनीफभाई म्हणायचा, “किसन, मान दुखेल.” तो हलायचा नाही.

टॉवर पुरा झाला. परांची उतरवायच्या आधी सुनंदाचा फोन आला, या म्हणून. मी सुट्टी घेऊन गेले. हनीफभाईने माल चढवायची लिफ्ट नव्हे, इमारतीची नवी लिफ्ट चालू करवली आणि आम्हा तिघांना वर पाठवलं. लिफ्टला अजून थर्माकोलचं आवरण होतं. किसनने नवा शर्ट घातला होता.

अगदी वरच्या मजल्यावरच्या एका रिकाम्या फ्लॅटमध्ये आम्ही गेलो. हॉलच्या मोठ्या खिडकीला काच बसायची होती, लोखंडी कठडा तेवढा होता. किसन कठड्यापाशी जाऊन उभा राहिला. वारा आत येत होता. खाडी खरंच चमकत होती. तो मला दाखवू लागला. “ते उरन. त्या क्रेना. हिकडं विमानतळ.” मीही बघत होते, पण मला दुसरंच काही शोधायचं होतं. तिथे खाली कुठेतरी, रस्त्यांच्या आणि टॉवरांच्या मध्ये, माझ्या वडिलांची भातखाचरं होती. लहानपणी मी त्यांच्या बांधावरून शाळेत जायचे. वरून सगळं नीट दिसेल असं वाटलं होतं. पण वरून तर ते मुळीच ओळखता येत नव्हतं.

“काय शोधायलाव बाई?” किसनने विचारलं.

“आमचं शेत होतं इथे.”

त्याने माझ्याबरोबर खाली बघितलं, जणू त्यालाही ते सापडेल. “हितं उभं राहिलं की सगळ्यांना काहीतरी दिसतंय,” तो म्हणाला, “जे नसतंय ते.”

मग त्याने कठड्यातून हात बाहेर काढला आणि बाहेरच्या भिंतीवर तळवा फिरवला. तो मजला सुनंदाने केला होता. ती मागे, दाराच्या चौकटीत उभी होती. त्याने हात वर नेला, खाली आणला, बराच वेळ आंधळ्याने चेहरा चाचपावा तसा फिरवत राहिला.

“कोपऱ्यात जरा हात जड पडलाय,” तो म्हणाला.

“वारा होता त्या दिवशी,” ती म्हणाली.

“हां. कोपऱ्यात वारा असतोयच.” हात आत घेतला, शर्टाला पुसला. “बाकी चांगलं हाय.”

खाली उतरताना लिफ्टमध्ये ती सारखी पदराने डोळे पुसत होती आणि धूळ गेली म्हणत होती.

त्या टॉवरनंतर ते निघून गेले. आमच्या धंद्याचं हे असंच असतं. ज्याचं काम फत्ते झालं तो पुन्हा दिसत नाही. इमारत पुरी झाली की तो पुढच्या गावाला जातो. जे दिसत राहतात, त्यांचं काहीतरी राहून गेलेलं असतं. मी निवृत्त झाले. संस्थेने ती शेड सोडली, आता तिथे पार्सलांचं गोदाम आहे. एकदा महाप्यावरून जाताना रिक्षा थांबवून मी फाटकातून डोकावले. खोक्यांच्या थप्प्या होत्या, माणसं पळत होती. धर्माकाका त्याच्या आदल्या वर्षी गेले. आता आगरीतून मला “बाय” म्हणणारं कामाच्या जगातलं कुणी राहिलं नाही. घरी सगळं ठीक आहे, मुलगी चांगली आहे, सोसायटीत भजनी मंडळ आहे. पण सकाळी नऊच्या सुमाराला माझे हात काहीतरी शोधत असतात.

सुनंदाचा फोन मात्र येतो, नेमाने नाही, आठवण झाली की. एकदा पुण्याजवळून, एकदा नाशिकहून. या दसऱ्याच्या आधी आला तेव्हा ती कुठल्याशा नव्या साइटवर होती. तिच्या हाताखाली आता दोन बायका प्लास्टर शिकतात. त्यांच्यावर ती ओरडते म्हणे. “तुमी माझ्यावर ओरडला नव्हता बाई, पर त्या ऐकतच नाहीत.” मी म्हटलं, किसनराव कुठे आहेत? तिने फोन त्याच्याकडे दिला आणि ती कामाला गेली.

“कशा हायत बाई?”

“मी बरी आहे. गुडघे जरा धरतात. जिना चढताना त्रास होतो.”

“कोनता गुडघा?”

“उजवा.”

“मग चढताना डावा पाय आधी. उतरताना उजवा आधी. कठडा धरायचा. घाई करायची नाही,” तो म्हणाला. अगदी गंभीरपणे, जसं काही मी हे पहिल्यांदाच ऐकत होते. “कराल ना?”

“करेन,” मी म्हटलं.

लांबून, बहुधा वरून, सुनंदाचा आवाज आला. “अहो, माल.”

“आलो,” तो म्हणाला. मला नव्हे. फोन बंद न करताच त्याने तो खिशात टाकला असावा, कारण मला सगळं ऐकू येत होतं. फावडं, वाळू, घमेलं उचलल्याचा आवाज, आणि मग खडीवरून चालत जाणारी त्याची पावलं. मी डोळे मिटले आणि ऐकू लागले. उजवं, डावं. उजवं, डावं. डावं अजून किंचित उशिरा पडत होतं, पण टेकत होतं पूर्ण, टाचेपासून. मी फोन कानाला तसाच धरून ठेवला.